‘प्यायलाय ना, उद्या उतरल्यावर ये!’

रात्री बारबाहेर चाकू चालला की बघणारे बहुतेक प्यायलेलेच असतात. (साडेबाराला तिथे दूध पिऊन कोण उभं राहणार?) अशा साक्षीदाराला पोलिसांनी वरचं वाक्य ऐकवून, जबाब न घेता घरी पाठवणं मला साफ चुकीचं वाटतं.

दारूचा खरा फटका आठवण साठण्याला बसतो. घटना घडताना मेंदूत नोंदच झाली नसेल, तर सकाळी ती येणार कुठून? उलट रात्री असलेलं थोडंफारही मित्रांच्या गप्पा आणि व्हॉट्सअॅपवरचा व्हिडिओ यांत मिसळून जातं.

65 किलोच्या माणसाने 42.8 टक्क्यांची 180 मिलीची क्वार्टर रिकाम्या पोटी भराभर संपवली, तर 100 मिली रक्तात ढोबळमानाने 120-130 मिलीग्रॅम अल्कोहोल चढतं. गाडी चालवायची मर्यादा 30. उतरतं तासाला साधारण 15, म्हणजे आठेक तास गेले. असा माणूस चाकू बघतो, पडलेला माणूस बघतो. मागे दुचाकी चालू ठेवून थांबलेला साथीदार त्याच्या नजरेतून निसटतो. तपशील कमी सांगतो, पण सांगतो ते बऱ्याचदा बरोबर असतं. दुसरी क्वार्टरही घाईत गेली असेल तर गोष्ट वेगळी. तो बोलतो, चालतो, आणि मधला तासच कोरा असतो.

म्हणून शुद्धीत बोलू शकत असेल तर लगेच विचारा. ‘काय पाहिलं, सुरुवातीपासून सांगा’ एवढंच, मग गप्प बसा. ‘लाल शर्टवालाच ना?’ विचारलंत की शर्ट लालच होतो. ‘आठवत नाही’ म्हणाला तर तसंच लिहा. काय प्याला, किती, शेवटचा पेग कधी, जेवला होता का, हेही दोन ओळींत. बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 180 खाली ऑडिओ-व्हिडिओ करता येतो, तो करा. दुसऱ्या दिवशी पुरवणी जबाब घ्या आणि नवीन काही आलं तर ‘हे स्वतः पाहिलं की ऐकलं?’ विचारून वेगळं नोंदवा.

त्याच रात्री संशयिताला एकट्याला समोर उभा करून ‘हाच का?’ मात्र अजिबात नको. तिथे नशेत चुकीचा होकार येण्याचा धोका मोठा. रीतसर ओळख परेड लावा, संशयितासोबत त्याच्याच अंगकाठीची किमान सहा माणसं.

उलटतपासणीत ‘तुम्ही प्यायला होतात ना?’ येणारच. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 124 प्रमाणे त्या रात्री प्यायल्याने कोणी साक्षीला अपात्र ठरत नाही. प्रश्न उरतो साक्षीच्या वजनाचा. ‘दोन पेग, साडेअकराला, जेवणानंतर’ हे पहिल्याच जबाबात असेल, तर बचावाच्या वकिलाला तिथे नवं काही काढता येत नाही.