चार जागा कमी पडल्या

मतदानाला सकाळी सातलाच जायचं, रांग नसते, हे आमच्या ह्यांचं दर निवडणुकीचं ब्रह्मवाक्य, आणि दर निवडणुकीला आम्ही पोचतो साडेदहाला, कारण ह्यांचा दुसरा चहा. तर १३ मे २०२४, कोथरूडमधली एक शाळा, ऊन मी म्हणतंय, बायकांची रांग वेगळी पुरुषांची वेगळी, आणि त्या रांगेत बरोब्बर माझ्या शेजारी, दीड फुटावर, तो. चौतीस वर्षांनी!

केस गेलेले, पोट आलेलं, पण उभं राहायची तऱ्हा तीच, सगळा भार एका पायावर, सारसबागेत भेळ खाताना उभा राहायचा तशी. मी घाईघाईनं मतदार स्लिप वाचायला लागले. त्यात वाचण्यासारखं असतं काय, आपलंच नाव.

आमचं मोडलं ते पत्रिकेवरून नाही, विधानसभेवरून. १९९० साली. माझे बाबा गांधी टोपीवाले, घरात हात सोडून दुसरं चिन्ह कुणाला माहीत नाही, आणि हा रात्र रात्र भिंतींवर धनुष्यबाण रंगवणारा. (माझ्या नोट्सच्या वहीवर त्या भगव्या रंगाचं एक बोट उमटलेलं होतं, ती वही लग्नानंतरही बरीच वर्षं माळ्यावर होती, असो.) बाबांकडे येऊन रीतसर हात माग म्हटलं तर म्हणे, हाताकडे मी काही मागणार नाही! तरी मी धरून होते. मग निकाल लागला, काँग्रेस १४१, सेना-भाजप ९४. मी पेढे घेऊन गेले. ह्यानं पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, बहुमत १४५ला असतं, चार कमी आहेत. पेढा माझा खायचा आणि वर हिशोब मलाच! तिथंच संपलं.

आणि मग २०१९च्या नोव्हेंबरात शिवाजी पार्कवर ह्याचा पक्ष आणि माझा पक्ष एकाच स्टेजवर, मी कणकेच्या हातानं टीव्हीसमोर उभी. पक्षांना बरं जमतं, आज ह्याच्याशी उद्या त्याच्याशी, ना कुणाच्या बाबांची परवानगी, ना कुणी पेढ्यावरून चार चार दशकं फुगून बसतंय.

“अगं, तू इथं?”

“इथंच. काय मग, बाण का?”

“बाण कुठला आता, तो तिकडं गेला. आमची मशाल.” मग जरा घसा खाकरून, दुसरीकडेच बघत, “पण पुण्यात मशाल नाहीये. आघाडीत तुमचा हात आहे.”

म्हणजे आला शेवटी! पण मी काही बोलले नाही, रांग सरकली.

बाहेर आलो तर हे शाई दाखवत उभे. ह्यांचं जन्मभर कमळ.

“कोण गं ते?”

“जुना मित्रपक्ष.”

ह्यांनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं, स्कूटरला किक मारली आणि म्हणाले, “सत्तेत होता, की बाहेरून पाठिंबा?”