वाघ दिसला तरच जंगल

जंगल पाहायला निघाला असाल तर जंगल म्हणजे काय, हे घरूनच ठरवून निघा. तिथं जाऊन कळेल, या भ्रमात राहू नका. सोपी खूण सांगतो: जिथं माणूस नाही ते जंगल. तुम्ही दोघं, मेहुणा-मेहुणी, दोन मुलं, जिप्सीचा ड्रायव्हर, गाईड आणि मागं धूळ खात उभ्या असलेल्या अकरा जिप्सी यात धरायच्या नाहीत. आपण पर्यटक. माणूस म्हणजे तो, डोक्यावर मोळी घेऊन जाणारा.

ठिकाण म्हणून ताडोबा उत्तम. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं, राज्यातलं सगळ्यांत जुनं. मुलांनी नावाचा अर्थ विचारलाच, तर "तळ्याचं नाव आहे" म्हणून मोकळे व्हा. खरी गोष्ट सांगू नका. तारू नावाचा गोंडांचा गावप्रमुख होता, वाघाशी झुंजताना मेला, त्याचा देव झाला, तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथं जत्रा भरते, एवढं सांगितलंत की कार्टी लगेच विचारणार: गावप्रमुख होता, मग गाव कुठंय?

आता आली का पंचाईत? कारण गावं होती. जामणी होतं, नवेगाव होतं. ती उठवून बाहेर वसवली. मागं राहिलेल्या शेतांवर गवत माजलं, गवतावर चितळं आली, चितळांमागं वाघ आला. त्याच मोकळ्या कुरणाचा फोटो काढून तुम्ही खाली लिहाल, "माणसाचा स्पर्श न झालेला निसर्ग." लिहा, बिनधास्त लिहा. बांध आता दिसत नाहीत.

गाईडकडून काही शिकायला जाऊ नका. तो आसपासच्याच गावचा असतो, त्यामुळं त्याला भलतंच काहीतरी माहीत असतं. "सर, हे पाहा, अस्वलाची नखं. मधासाठी अर्जुनावर चढलं होतं," असं म्हणून तो गाडी थांबवील. मगरीच्या पाठीसारखी साल दाखवून ऐनाच्या खोडात पाणी कसं साठतं ते सांगेल. पांढऱ्याफटक कढईच्या झाडाला भुताचं झाड का म्हणतात, तेही. मध्येच इंजिन बंद करायला लावून कान टवकारील: सांबरानं कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा, दिला, चितळानं नाही दिला, म्हणजे काय समजायचं? तुम्ही काही समजू नका. दर पाच मिनिटांनी एवढंच विचारा, "वाघ दिसेल ना?" अभ्यासू दिसायचं असेल तर वाघिणीचा नंबर विचारा.

मुलांच्या शिक्षणाची हयगय मात्र नको. त्यांना सुट्टीत निसर्ग शिबिराला घाला. तिथं वातानुकूलित खोलीत मोहाच्या झाडाची चित्रफीत दाखवतात, शेवटी प्रमाणपत्र देतात. मोह कधी गळतो, कुठल्या झाडाचं फूल गोड, वारा फिरला की किती सांडतं, हे बफरमधल्या, म्हणजे राखीव जंगलाच्या कडेच्या पट्ट्यातल्या, एखाद्या आजीला तोंडपाठ असतं. पण ती पडली बिनप्रमाणपत्राची. शिवाय तिचा वर्ग पहाटे, अंधारात, पाठ वाकवून भरतो आणि त्याच वर्गात कधी कधी वाघही येतो. तुम्ही ज्याच्यासाठी हजारो रुपये मोजता त्याचं सायटिंग तिला फुकट होतं. आणि ती परत आली नाही, तर 'जंगलात शिरलेली महिला' म्हणून बातमी येते. तुम्ही शिरत नाही. तुमचं बुकिंग असतं.

तिथून गाडी चुकूनही गडचिरोलीकडं वळवू नका. धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचं गोंडांचं गाव आहे, तिथं जंगलाची व्याख्याच बिघडवून ठेवली आहे. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगल त्यांच्या ताब्यात आलं. हे लोक जंगलात राहतात, त्यातला बांबू तोडतात, विकतात आणि तरी जंगल उभंच! वर अभ्यासगट चालवतात: वर्षानुवर्षं गोल बसून जंगल, कायदा, हिशेब सगळं समजून घ्यायचं आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय घ्यायचा नाही. आपल्या सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून काय होतं ते आठवा, म्हणजे हे किती अव्यवहार्य आहे ते पटेल.

कासच्या पठाराची गोष्टही मुलांच्या कानावर पडू देऊ नका. फुलं वाचवायला कुंपण घातलं, गुरं बाहेर काढली. मग गवत वाढून फुलंच रोडावली, तेव्हा कुंपण उतरवलं. गुराख्यांना आधी विचारलं असतं तर? पण गुराख्यांना विचारायचं म्हणजे कुठल्या खात्यामार्फत?

असो. शेवटचं महत्त्वाचं. वाघ दिसला नाही तर गाईडला टिप देऊ नका. म्हणजे पुढच्या फेरीत तो अस्वलाची नखं दाखवत बसणार नाही; जिप्सी थेट जामणीच्या कुरणाशी नेऊन लावील आणि गप्प उभा राहील. तो तिकडं जरा जास्तच वेळ पाहत राहिला, तरी त्याचं घर नेमकं कुठं होतं ते विचारू नका. गेट बंद व्हायची वेळ झालेली असते.