पोराला निसर्गापासून जपा

साताऱ्यात मूल वाढवायचं म्हणजे जोखीमच. मान जरा वर केली की अजिंक्यतारा समोर उभा. तेव्हा आधी खिडकीला जाड पडदा लावा. तरी पोरानं विचारलंच, "वर काय आहे?" तर इतिहास सांगायला घ्या, पोरं लगेच पांगतात. औरंगजेबानं चार महिन्यांवर वेढा दिला, तेव्हा कुठं 1700 च्या एप्रिलात हा गड त्याच्या हाती लागला. आपल्या पोराला मात्र दहावी झाली तरी मंगळाईच्या देवळापर्यंत एकट्यानं जाता येता कामा नये. गडाचं 'अजिंक्य' हे नाव आता आपणच राखायचं.

चढायची फारच हौस असेल, तर सुट्टीच्या शिबिरात पैसे भरा. प्लॅस्टिकच्या खुंट्या ठोकलेली भिंत, दोरी, हेल्मेट आणि शेवटी प्रमाणपत्र. गड कधी प्रमाणपत्र देतो का?

करवंदं यवतेश्वरच्या घाटात जाळीला फुकट लागतात, हे घरात बोलू नका. बाजारातून विकत आणा, मिठाच्या पाण्यात धुवा आणि खायला काटा द्या. करवंदाला काटा हवाच, फक्त तो स्टीलचा असावा.

पोहण्याचंही तसंच. आजोबांच्या पाठीला भोपळा बांधून त्यांना माहुलीच्या संगमात सोडलं होतं. आम्हाला मामानं थेट विहिरीत ढकललं. वर आलो तेव्हा पोहता येत होतं. तुम्ही पोराला तलावाच्या उथळ बाजूला उतरवा आणि काठावरून ओरडत राहा, "नाकात पाणी जाईल!"

कासला मात्र जरूर न्या. पंचवीसेक किलोमीटरच तर आहे, शिवाय 2012 पासून जागतिक वारसा, म्हणजे स्टेटसला शोभतं. हंगामात आधी बुकिंग करा, आखलेल्या वाटेनं चाला, फुलाला हात लावू देऊ नका. (हा नियम बरोबरच आहे म्हणा. फुलांवर लोळून फोटो काढणारी पोरं नव्हती, आपणच होतो.) टोपली कारवी 7 वर्षांनी फुलते. चौथीत चुकली तर थेट अकरावीत, आणि तेव्हा नीटचा क्लास. म्हणजे तीही कटकट मिटली.

एवढं झालं की पोराच्या खोलीचं दार लावून घ्या आणि शाळेच्या ग्रुपवर टाका, 'काय आपलं बालपण होतं राव! दिवेलागणीला घरी यायचो.' खाली हृदयांची रांग लागेल.

धोका उरतो तो फक्त आजोबांचा. त्यांच्यावर नजर ठेवा. परवाच आमचे आजोबा रक्तदाब तपासून येतो म्हणाले, सोबतीला नातवाला घेतलं आणि अडीच तासांनी परत आले. नातवाच्या ढोपराला माती, आजोबांच्या धोतराला कुसळं. "डॉक्टर काय म्हणाले?" असं विचारलं, तर दोघंही तोंड उघडेनात. शेवटी नातवाला हसू फुटलं. जीभ जांभळी होती.