कांद्याच्या साली टाकू नका
छंदांवरच्या एका लेखात चित्रकला, बाग आणि स्वयंपाक हे तीन वेगळे छंद म्हणून मांडलेत. माझ्या घरात ते एकमेकांत मिसळून गेलेत. कांद्याच्या सुक्या साली पाण्यात तासभर उकळून गाळते, चिमूटभर तुरटी घालते. कागदावर सुंदर सोनेरी पिवळा रंग उतरतो. (उन्हात तो फिका पडतो, म्हणून चित्रं सावलीत लावते.) चोथा कंपोस्टमध्ये जातो. तिथे ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट सुकी पानं घाला, नाहीतर वास सुटतो. बागेत टोमॅटोला रोज ६ ते ८ तास ऊन हवंच. माझी पहिली रोपं सावलीत नुसती उंच वाढली, फळ धरलंच नाही, फार वाईट वाटलं होतं. नवख्यांनी पुदिन्यापासून सुरुवात करावी, तोही कुंडीतच. जमिनीत लावला तर सगळीकडे पसरतो.