विड्याच्या देठाने शी होते, आणि घोटाळा तिथेच आहे

‘नाशिकच्या अनुभवी डॉक्टरांचा सल्ला, प्रत्येक आईपर्यंत पोचवा’ असं डोक्यावर लिहिलेला एक लांबलचक मेसेज सध्या सिडकोपासून देवळालीपर्यंत सगळ्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. डॉक्टरांचं नाव नाही, दवाखान्याचं नाही, तारीख नाही. खाली हात जोडलेले सहा इमोजी तेवढे आहेत. हा मेसेज आमच्याच घरातल्या बावीस दिवसांच्या ओल्या बाळंतिणीच्या फोनवर तीन वेगवेगळ्या नातेवाइकांकडून आला. त्यातल्या एकीने तर ‘पान आणायला पाठवलंय’ असंही कळवलं. तेव्हा आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. बाळाला रोज शी झालीच पाहिजे, एक दिवस चुकला की बद्धकोष्ठ. बाळ कुंथून लालबुंद होतं म्हणजे शी अडकली आहे, तेव्हा विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून किंवा अंगाच्या साबणाची बारीक वात करून शीच्या जागी घाला, ‘पाच मिनिटांत बाळ मोकळं’. रोज गुटीतून एरंडेल आणि मधाचं बोट द्या. नाशिकच्या उन्हाळ्यात दोन-दोन चमचे पाणी पाजा. पांढरी शी म्हणजे दूध पचलं नाही, वावडिंगाचं पाणी द्या. आणि जन्मल्यावर चोवीस तासांत काळी शी झालीच पाहिजे.

शेवटचं वाक्य बहुतांशी खरं आहे. नाइलाजाने का होईना, ते मान्य करावं लागतं. पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना पहिल्या २४ तासांत ती काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट शी होते आणि ४८ तासांत जवळजवळ सगळ्यांनाच. पण ती झाली नाही तर काय करायचं, इथे मेसेज पुन्हा देठावर येतो. करायचं असतं ते उलटं: काहीही न घालता, न पाजता बाळ डॉक्टरांना दाखवायचं. त्याचं कारण पुढे येईल.

आधी ‘रोज’चा हिशेब. शी किती वेळा झाली याला अर्थ आहे, पण तो वयाप्रमाणे बदलतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळ्याची हिरवट होते, पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, मोहरी घातल्यासारखी, पातळ-दाणेदार. त्यानंतर साधारण महिनाभर अंगावर पिणाऱ्या बाळाला दिवसातून तीन-चार वेळा शी होते, काहींना प्रत्येक पाजण्यानंतर. या पहिल्या महिन्यात शी फारच कमी होत असेल तर पहिला संशय बद्धकोष्ठाचा नाही, दूध पुरेसं पोटात न जाण्याचा घ्यायचा. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा लंगोट शूने नीट ओले होतायत का, आणि जन्माच्या वेळचं वजन दोन आठवड्यांत भरून आलं का, हे बघायचं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. त्यांच्याकडून वजन करून घ्या. दूध कमी पडणाऱ्या बाळाला एरंडेल देणं म्हणजे उपाशी माणसाला जुलाब देणं.

पाच-सहा आठवड्यांनंतर चित्र पालटतं. आईच्या दुधाचा चोथा फार थोडा उरतो, त्यामुळे फक्त अंगावर पिणारं बाळ चार दिवस, कधी आठवडाभरसुद्धा शी करत नाही आणि मग एकदम दुपटं भरवतं. ती शी मऊ असेल, बाळ पीत-खेळत असेल, पोट मऊ असेल, तर हे बद्धकोष्ठ नाही. कॅलेंडर बघू नका, शी बघा. कडक, बकरीच्या लेंड्यांसारखी, कधी वरून रक्ताची रेघ आलेली शी म्हणजे खरं बद्धकोष्ठ. आईच्याच दुधावरच्या बाळात ते क्वचित दिसतं.

आता देठ.

लहान बाळ दहा-दहा मिनिटं कुंथतं, तोंड लाल करतं, पाय ताणतं, किंचाळून रडतं आणि मग निघते ती मऊ, पातळ शी. घरात सगळ्यांचे जीव टांगणीला लागतात. हे इतकं नेहमीचं आहे की रोम फाउंडेशनच्या २०१६च्या निकषांत (पोटाच्या तक्रारींचं निदान जगभरचे डॉक्टर या निकषांवर करतात) त्याला स्वतंत्र जागा दिली आहे: नऊ महिन्यांच्या आतलं बाळ, निदान दहा मिनिटं कुंथणं-रडणं, मग मऊ शी होवो अथवा न होवो, आणि बाकी बाळ ठणठणीत. हा आजार नाही. शी करायला पोटातून जोर द्यावा लागतो आणि त्याच क्षणी खालचे स्नायू सैल सोडावे लागतात. मोठ्यांना हे कळतही नाही, इतकं अंगवळणी पडलेलं असतं. बाळ वरून जोर देतं आणि खालून दार आवळून धरतं. काही आठवड्यांत दोन्हींचा मेळ बसतो. रडणंसुद्धा पोटात जोर आणायचाच एक मार्ग आहे. त्या निकषांसोबत आईबापांसाठीचा सल्लाही स्पष्ट आहे: जुलाबाचं औषध लागत नाही, आणि शीच्या जागी काही घालून उत्तेजन देऊ नका. तसं केलं की बाळ ती सवय लावून घेऊ शकतं आणि बाहेरून काही घातल्याशिवाय शीच करत नाही.

‘पण देठ घातला की होतेच ना शी!’ होते. मेसेजमधलं ‘पाच मिनिटांत मोकळं’ हे खोटं नाही, आणि तीच त्यातली सर्वांत धोकादायक ओळ आहे.

साधारण पाच हजारांत एका बाळाला हर्षस्प्रुंग नावाचा जन्मजात आजार असतो. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हर्षस्प्रुंग यांनी १८८६ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. या बाळांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूंच्या गाठींतल्या पेशीच तयार झालेल्या नसतात. तेवढा भाग कधी सैल पडत नाही, कायम आवळलेला राहतो. वरून शी आणि वायू येऊन साठतात, पोट फुगतं. अशा बाळाच्या गुदद्वारात डॉक्टरांनी तपासायला बोट घातलं आणि काढलं, की कोंडलेला वायू आणि पातळ शी एकदम जोरात, पिचकारीसारखी बाहेर येते, पोट उतरतं, बाळ शांत होतं. डॉक्टरांसाठी ही आजाराची खूण असते. घरी देठाने हेच घडलं तर घरातल्यांना तो उपाय ‘लागू पडला’ असं वाटतं. मग दर तिसऱ्या दिवशी देठ. निदान महिनोन्‌महिने लांबतं, आणि त्या काळात कोंडलेल्या आतड्याला जंतुसंसर्ग झाला (ताप, ताठ फुगलेलं पोट, घाण वासाची फवाऱ्यासारखी शी, बाळ मलूल) तर तो जीव घेऊ शकतो. वेळेत कळलं तर शस्त्रक्रियेने तो भाग काढून वरचं चांगलं आतडं खाली जोडतात. निदान पक्कं होतं ते गुदाशयाचा बारीक तुकडा तपासून.

म्हणून पहिल्या ४८ तासांतल्या त्या काळ्या शीला एवढं महत्त्व. डिस्चार्ज कार्डवर पहिली शी केव्हा झाली ते लिहिलेलं असतं का, बघा. नसेल तर विचारून लिहून घ्या. दोन महिन्यांनी डॉक्टर हाच प्रश्न विचारतील आणि तेव्हा घरात कोणालाच आठवणार नाही.

देठाची बाकीची कर्मं थोडक्यात. तान्ह्या बाळाचा गुदाशय जेमतेम काही सेंटीमीटरचा, भिंत पातळ, आणि आत गेल्यावर तो वळतो. देठ वळत नाही. तपासणीच्या थर्मामीटरनेसुद्धा नवजात बाळांच्या गुदाशयाला भोक पडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. भोक पडलं की शी पोटाच्या पोकळीत जाते. देठ तुटून तुकडा आत राहणं, टपरीवरच्या बादलीत बुडवलेल्या पानाचे जंतू, हे वेगळंच. साबणाची वात तर त्याहून वाईट. साबण अल्कधर्मी असतो, आतली नाजूक त्वचा भाजल्यासारखी होते, आणि जे बाहेर येतं ते शी कमी आणि दुखावलेल्या आतड्याचा चिकट स्राव जास्त. डॉक्टर कधीकधी ग्लिसरीनची लहान मुलांसाठीची वात देतात, हे खरं आहे. पण ती तपासून, एखाद्या वेळेला देतात. अंगाच्या साबणाशी तिचं नातं फक्त आकारापुरतं.

मधाच्या बोटाबद्दल एवढंच की एक वर्षाच्या आत मध नाही, थेंबभरही नाही. मधात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. घरी उकळून ते मरत नाहीत. आणि गंमत अशी (गंमत म्हणवत नाही खरं तर) की या विषबाधेचं पहिलं लक्षण बहुधा बद्धकोष्ठच असतं, त्यामागून चोखणं मंदावतं, रडणं क्षीण होतं, पापण्या मिटू लागतात. म्हणजे शी होत नाही म्हणून मध, आणि मधाने शी बंद.

एरंडेल हे जोरदार रेचक आहे. तान्ह्याच्या पोटात मुरडा येतो, पातळ होतं, अंगातलं पाणी जातं. चमच्याने घशात ओतताना तेल श्वासनलिकेत उतरलं तर ठसकाही धड लागत नाही आणि फुप्फुसाचा दाह होतो. गुटीतला हिरडा पोट साफ करतो हे आयुर्वेद सांगतोच, कोणी नाकारत नाही. पण सहाणेवर किती वेढे उगाळले, सहाण कोणत्या पाण्याने धुतली, वेखंड किती गेलं, जायफळाने बाळ ‘शांत’ झोपलं की गुंगलं, याचा हिशेब कोणाकडेच नसतो. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध, बाकी काही नाही. पाणीसुद्धा नाही, एप्रिल-मेमधल्या नाशिकमध्येही नाही. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. ऊन वाढलं तर जास्त वेळा पाजा. वरचं पाणी पोट भरतं, दूध कमी जातं, आणि जास्त झालं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात.

पावडरच्या दुधाबाबत मेसेज गप्प आहे, आणि खरं बद्धकोष्ठ तर तिथेच भेटतं. बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं माप असतं. ‘बाळ बाळसं धरू दे’ म्हणून चमचा शिगोशीग भरला की दूध घट्ट होतं आणि शी कडक. आधी उकळलेलं पाणी मापायचं, मग डब्यातल्याच चमच्याने, सुरीच्या पाठीने सपाट करून पावडर. दुसऱ्या डब्याचा चमचा चालत नाही. सहा महिन्यांच्या आत गाईचं दूधही नको.

मग कुंथणाऱ्या बाळाला करायचं काय? गुडघे हळूच पोटाकडे दुमडा, सायकलसारखे पाय फिरवा, कोमट हाताने बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पोट चोळा, आणि पाजा. दूध पोटात गेलं की आतडं आपोआप हलतं. आजीचा तेलाचा हात इथे चालतो. नाळ पडून जागा सुकेपर्यंत बेंबीवर हिंग किंवा तेल मात्र नको.

पांढरी शी. सगळा मेसेज एकीकडे आणि ही ओळ एकीकडे. पिवळी, हिरवी, तपकिरी, हे सगळे रंग चालतात. हिरव्या शीवरून घरात उगाच गोंधळ होतो. पण पांढरट, फिकट, खडूसारखी किंवा मळलेल्या कणकेसारखी शी म्हणजे यकृतातलं पित्त आतड्यात पोचत नाही. पित्तनलिका बंद असण्याचा जन्मजात आजार असेल तर कासाई नावाची शस्त्रक्रिया करावी लागते, आणि ती ६० दिवसांच्या आत झाली तर यकृत वाचण्याची शक्यता बरीच जास्त. वावडिंग उकळण्यात जाणारा प्रत्येक आठवडा या ६० दिवसांतून वजा होतो. अशी शी दिसली, कावीळ दोन आठवड्यांपुढे टिकली असेल, किंवा लंगोटावर शूचा गडद पिवळा डाग पडत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि रक्तातलं डायरेक्ट बिलिरुबिन (पित्त अडल्यामुळे कावीळ आहे का, हे सांगणारी तपासणी) तपासायला सांगा. नवजात बाळाची शू जवळजवळ बिनरंगी असायला हवी.

हिरवी उलटी, ताणून चकाकणारं पोट, दूध ओढणं बंद, काखेत ९९.५ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, शीमध्ये रक्त, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. हिरवी उलटी तर तासांचा खेळ असते, आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. सुरगाणा-पेठकडून निघायचं असेल तर १०८ किंवा १०२ला फोन करा. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांसाठी विशेष कक्ष आहे, आणि आजारी तान्ह्या बाळाला सरकारी रुग्णालयातले उपचार आणि तिथवरचं वाहन मोफत आहे. निघताना लंगोट धुवून टाकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या. ते जमत नसेल तर फोटो काढा, पण खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात. पिवळ्या बल्बखाली पांढरी शीही पिवळी दिसते.