दार अडवणाऱ्याला भित्रा म्हणण्याआधी

पाटीलदादा, नमस्कार.

अमेरिकेतल्या वूस्टर शहरातल्या कोल्ड स्टोरेजच्या आगीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलंच झापलंत. तुमचं म्हणणं, अग्निशमन दलाचे सहा जवान आत अडकलेले असताना बाकीच्यांना दारातच रोखणाऱ्या साहेबाला मी डोक्यावर घेतलं, आणि आग लावणारं जोडपं मोकळं सोडलं. वर ‘अमेरिकेतलं सांगलीत कशाला’ हा टोला.

जोडप्याचं उरकून टाकतो. ३ डिसेंबर १९९९ला त्या बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजमध्ये आसऱ्याला राहिलेल्या दोघांच्या झटापटीत मेणबत्ती कलंडली. आग आवरेना, तेव्हा कुणालाही न कळवता दोघं निघून गेली. गुन्हा लागला तो मनुष्यवधाचा. न कळवण्याला माफी नाही, हे लेखातही आहे.

आता दाराचं. आत कुणी बेघर असेल म्हणून शोधायला गेलेले दोघं धुरात वाट चुकले. हवा संपत आल्याचं वायरलेसवर सांगत राहिले. त्यांना आणायला गेलेले चौघंही परतले नाहीत. इमारत सहा मजली, वर खिडक्या जवळपास नाहीत, भिंतींना आतून कॉर्क, थर्माकोल आणि फोम. असला फोम पेटला की धूर इतका काळा, की हातातली बॅटरी दिसत नाही. अशात तिथल्या अग्निशमन दलाचा अधिकारी, डिस्ट्रिक्ट चीफ माइक मॅकनामी, जिन्याच्या दारात आडवा उभा राहिला. सहा गेले, आता एकही जाणार नाही, म्हणाला. समोर हुज्जत घालणारे त्या सहांचेच सोबती होते. ‘मर्द असता तर स्वतः आत शिरला असता’ म्हणता. तो शिरला असता तर मागोमाग सगळेच शिरले असते, आणि त्यांना थांबवायला दारात कुणी उरलं नसतं. सहाही मृतदेह बाहेर काढायला आठ दिवस लागले, यावरून आतली अवस्था ओळखा.

जीव द्यायला आपलीही माणसं मागे नाहीत. काळबादेवीच्या गोकुळ निवासात मे २०१५मध्ये मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले, त्यात खुद्द प्रमुख सुनील नेसरीकर होते.

आणि सांगलीत कशाला? तासगावकडचं बेदाण्याचं एखादं कोल्ड स्टोरेज आतून बघा. पंधरा-पंधरा किलोच्या बॉक्सची छतापर्यंत थप्पी, मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी गल्ली, चारी बाजूंनी पफ पॅनेल. दार लोटलं की बाहेरची हाकसुद्धा ऐकू येत नाही. पफ म्हणजे फोमच की हो!

तुमचा पुतण्या अग्निशमनला आहे म्हणता ना? बी.ए. सेट, म्हणजे पाठीवरची हवेची टाकी आणि मास्क, लावून अशा गल्लीत शिरलं, तर परतीची हवा राखून कामाला किती मिनिटं उरतात, ते त्याला विचारा. काय म्हणतो ते इथंच टाका. मग हवं तेवढं भांडू.