‘आहार सुधारा, नैराश्याच्या गोळ्या सोडा’ या संदेशाला उत्तर

दीर्घ आजारात येणारे नैराश्य चुकीच्या खाण्यामुळेच येते, आनंद देणारे सेरोटोनिन हे रसायन आतड्यांत तयार होते, म्हणून २१ दिवस फळांचे रस प्या आणि मनाच्या गोळ्या बंद करा, असा एक संदेश सध्या फिरतो आहे. माझ्या धाकट्या बहिणीला मूत्रपिंडाचा जुना आजार आहे आणि ती नैराश्यावर औषध घेते. एका नातेवाइकाने तिला हा संदेश पाठवला. तो वाचून तिने विचारले, “म्हणजे हे मीच ओढवून घेतले का?” त्यानंतर गप्प बसणे मला शक्य नव्हते.

शरीरातील बहुतांश सेरोटोनिन आतड्यांत तयार होते, हे खरे आहे. मात्र ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू स्वतःचे सेरोटोनिन स्वतःच तयार करतो.

आहाराचा मनावर परिणाम होतो, एवढे मान्य करावेच लागेल. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नैराश्यग्रस्तांना १२ आठवडे आहारतज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळाले. त्यांच्यातील सुमारे ३२ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले, तर ज्यांना केवळ गप्पांची सोबत मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ८ टक्के होते. पण चाचणीतील ६७ जणांपैकी ५५ जण आधीपासून औषधे किंवा मानसोपचार घेत होते, म्हणजे आहाराची जोड उपचारांना दिली गेली होती, उपचारांच्या जागी आहार आणलेला नव्हता. शिवाय ही चाचणी लहान होती आणि तीत आधीपासून निकृष्ट आहार असलेलेच लोक घेतले होते.

सर्वांत घातक भाग रसांचा आणि गोळ्या सोडण्याचा आहे. मूत्रपिंडे नीट काम करत नसतील तर फळांच्या रसातील पोटॅशियम रक्तात साठते आणि हृदयाची लय बिघडून जिवावर बेतू शकते. मधुमेहींची साखर रसाने झपाट्याने वाढते, ते वेगळेच. नैराश्याच्या गोळ्या एकाएकी थांबवल्यास चक्कर, बेचैनी, निद्रानाश असे त्रास होतात आणि आजार उलटण्याचा धोका असतो; त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच कमी करायच्या असतात.

राहिला दोषाचा प्रश्न. सततच्या वेदना, मोडलेली झोप, स्टेरॉइडसारखी काही औषधे यांनीही मन खचते, आणि मन खचले की भूक मरते. म्हणजे पुष्कळदा बिघडलेले खाणे हे नैराश्याचे कारण नसून परिणाम असतो. खरोखर तपासून घ्यावी अशी गोष्ट संदेशात नाहीच: मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, त्याने थकवा आणि उदासी येते, आणि ते साध्या रक्ततपासणीत कळते.

बहिणीची गोळी चालू आहे. कोणती फळे किती खावीत, हे तिच्या पोटॅशियमचा ताजा अहवाल पाहून तिचे आहारतज्ज्ञ ठरवतील.